साहेबाले खड्डे आवडतात

आमच्या गावामागं, शाळेच्या कंपाउंडला लागून जी झुडपी जमीन आहे तिथं आतापर्यंत तीनदा खड्डे खोदून झाले. पहिल्यांदा मी कॉलेजात होतो तेव्हा, मग पाच-सहा वर्षांनी, आणि आता गेल्या पावसाळ्यात परत. तिन्ही वेळा झाडं लावायला. दुसऱ्या वेळी तर मी स्वतः होतो, पांढरा शर्ट घालून, हातात करंजीचं रोप, फोटो काढला, फेसबुकवर टाकला, १४० लाईक आले, आणि खरं सांगतो, त्या रोपाकडे मी परत कधी फिरकलो नाही. शेळ्यांनी खाल्लं. शेळ्या कोणाच्या तर आमच्याच.

आमच्या घरचे आबाजी खाटेवर बसून हे सगळं पाहत असतात. वय नव्वदीला टेकलं, तरुणपणी गावचे ढोरकी, म्हणजे गावची ढोरं चारणारे होते, अख्खं जंगल पायाखालून गेलेलं. तिसऱ्यांदा खड्डे खोदायला माणसं आली तेव्हा म्हणाले, "साहेबाले खड्डे आवडते तं खड्डे. मागच्याले तळे आवडे तं तळे. त्याच्या आंधीच्याले काहीच आवडत नव्हतं, तो बरा होता गा, जंगल तसंच रायलं."

मी हसलो तेव्हा, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी काही पर्यावरणवाला वगैरे नाही. सिंदेवाही तालुक्यात चार एकर धानाची बांधी आहे आणि बाकी वेळ ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान. पण रोज फॉर्म भरता भरता योजनांचा नाद लागतो माणसाला, आणि हळूहळू असं झालं की योजनेचं नाव वाचलं की ती कोणत्या नेत्याच्या काळातली ते न सांगता कळायला लागलं, जसं घरातल्या माणसाचं अक्षर आपण लांबून ओळखतो. आपण म्हणतो धोरण म्हणजे तज्ज्ञ लोकांची समिती, अहवाल, आकडे. असतंही ते. पण त्या अहवालातलं काय उचलायचं आणि काय कपाटात ठेवायचं हे शेवटी एका माणसाच्या स्वभावावर जातं, त्याला काय पाहायला आवडतं, कोणाचं ऐकून घेतो, कशानं चिडतो यावर.

इंदिरा गांधींचंच घ्या. १९७२च्या जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद झाली, तिथं यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर दुसऱ्या देशाचा सरकारप्रमुख म्हणून फक्त ही बाई गेली होती. बाकीच्यांना तो विषय पंतप्रधानानं जायच्या लायकीचा वाटलाच नव्हता. हिला वाटला, कारण हिला आधीपासून पक्ष्यांचं, झाडांचं वेड होतं, दिल्लीच्या पक्षीनिरीक्षकांच्या मंडळात ती पंतप्रधान व्हायच्या कितीतरी आधी होती. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, १ एप्रिल १९७३ला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जागांमध्ये आपलं मेळघाट होतं. १९८०चा वनसंवर्धन कायदाही तिचाच. केरळमधल्या सायलेंट व्हॅलीत धरण व्हायचं होतं, राज्य सरकारला पाहिजे होतं, वीज लागत होती, तरी तिनं ते होऊ दिलं नाही.

आबाजींना यातलं स्टॉकहोम माहीत नाही पण ७२च्या आधीचं आणि नंतरचं जंगल माहीत आहे. आधी शिकारीला साहेब लोक यायचे, गावातल्या पोरांना हाका घालायला न्यायचे, डबे वाजवत ओरडत जनावर मचाणाकडे हाकलायचं, दिवसाची मजुरी आणि वरून रानडुकराचं मटण. "मग एका वर्षी साहेबच आले नाही," एवढंच ते सांगतात. एवढ्या लांबच्या एका बाईच्या पक्षीवेडाचा परिणाम आमच्या गावात असा पोचला, की हाक्याची मजुरी बंद झाली.

पण तोच स्वभाव दुसरीकडूनही पाहा. जिला विचारत बसायची सवय नव्हती म्हणून एवढे कायदे एवढ्या झपाट्यानं झाले, तिनं जंगलात राहणाऱ्या माणसालाही विचारलं नाही. आणीबाणीतली ती ४२वी घटनादुरुस्ती, १९७६ची, जिला सगळे नावं ठेवतात (आणि ठेवायलाच पाहिजे), त्याच दुरुस्तीतून पर्यावरण आणि वनं जपण्याचं कलम घटनेत आलं, त्याच दुरुस्तीनं वनं आणि वन्यप्राणी हा विषय केंद्रालाही हात घालता येईल असा झाला. म्हणजे एकाच कागदावर. मला अजून ठरवता येत नाही याला काय म्हणावं. मेळघाटात गावं उठली, लोक सपाटीवर आणून बसवले, आणि २०१९च्या जानेवारीत केलपाणी, गुल्लरघाटकडचे लोक अकोट तालुक्यातल्या पुनर्वसनाला कंटाळून परत जंगलात गेले तेव्हा मारामारीपर्यंत प्रकरण गेलं. वाघ वाचला हे खरंच आहे. २०२५च्या मे महिन्यात आमच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या, हेही खरंच आहे. त्या आठवड्यात दुकानात कोणी फॉर्म भरायला आलं नाही, आलेले नुसते बसून राहायचे.

असो. आपल्या विदर्भातले नेते घेऊ.

पुसदच्या नाईकांच्या घरात दोन मुख्यमंत्री झाले, काका आणि पुतणे. काका वसंतराव, १९६३ ते ७५, अकरा वर्षांच्या वर, पाईप ओढणारा रुबाबदार माणूस पण जीव सगळा शेतीत. राज्य दोन वर्षांत धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला शनिवारवाड्यावर फाशी द्या, असं ते म्हणाले होते, हा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. मग संकरित ज्वारी, खतं, विहिरी. आणि ७२चा दुष्काळ पडल्यावर रोजगार हमीची कामं, वि. स. पागे यांची मूळ कल्पना, पण मुख्यमंत्र्याला शेतकऱ्याचं पोट कळत होतं म्हणून ती एवढी पसरली. त्या कामांमधून पाझर तलाव झाले, नाला बंडिंग झालं, आणि मैलोनमैल खडीही फुटली. पर्यावरण हा शब्दही कोणी वापरत नव्हतं, लोकांना काम द्यायचं होतं, त्यातून माती अडली आणि पाणी मुरलं. पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री झाले १९९१ला, जेमतेम पावणेदोन वर्षं मिळाली, त्यातही त्यांनी १९९२ला जलसंधारणाचं वेगळं खातंच काढून ठेवलं. मला हे फार हुशारीचं वाटतं. नुसती योजना असती तर पुढच्यानं नाव बदललं असतं. खातं म्हटलं की टेबल, खुर्च्या, बाबू, बजेट, ते सहजासहजी कोणाला मोडता येत नाही, बाबूच मोडू देत नाहीत!

याच्या उलट जलयुक्त शिवार. डिसेंबर २०१४ला फडणवीसांनी सुरू केलं, दरवर्षी पाच हजार गावं, २०१९पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्र. टार्गेटवाला स्वभाव, डॅशबोर्डवाला. गावोगाव जेसीबी फिरला, नाले खोल झाले, रुंद झाले, लोकांनी पदरचे पैसे टाकले आणि पहिल्याच पावसात पाणी थांबलेलं दिसलं की कोणाला आनंद होणार नाही. मग २०२०ला सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल आला, सुमारे ९,६०० कोटी खर्चून भूजल वाढवायला फारसा उपयोग झाला नाही म्हणून, तोवर सरकार बदललेलं, ठाकरे सरकारनं चौकशी लावली, योजना तर बंदच झाली होती. मग परत सरकार बदललं आणि २०२३ला जलयुक्त २.० सुरू. आता यात पाणी मुरलं की नाही मुरलं हा भूजलवाल्यांचा प्रश्न, पण एक सांगा, आमच्या बांधीतल्या बोडीचा, म्हणजे लहान तलावाचा, गाळ काढायचा अर्ज मी एका सरकारच्या काळात भरला, दुसऱ्याच्या काळात तो पडून राहिला आणि तिसऱ्याच्या काळात नवीन फॉर्मेट आला म्हणून परत भरला. बोडीला काय माहीत कोणाचं सरकार आहे, गाळ तर दरवर्षी येतोच.

आणि ही बोडी, हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते तर गोंड राजांच्या आणि सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले. जो तलाव बांधील त्याला जमीन, असा तेव्हाचा राजाचा कायदा. राजानं स्वतः एकही खड्डा खोदला नाही, फोटो काढायची सोय नव्हती हेही असेल म्हणा.

फोटोवरून आठवलं, झाडं. सुधीर मुनगंटीवार आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याचे, वनमंत्री झाले आणि १ जुलै २०१६ला राज्यात २ कोटी झाडं, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, मग ३३ कोटी. भाषण ऐकलं असेल तुम्ही त्यांचं, शायरी, आकडे, हात वर. त्या माणसाला गर्दी जमवता येते आणि गर्दी जमवून काही करून घ्यायची त्यांची खरीच हौस आहे, मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही, एरवी वनखातं म्हणजे रोजंदारीवाले सोडून कोणाच्या लक्षातही नसतं, यांच्यामुळे शाळेतल्या पोरापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे टिकाव घेऊन उभे राहिले. पण आकडा मोठा झाला की झाडापेक्षा आकड्याचीच काळजी होते. पुढच्या सरकारनं त्याचीही चौकशी करायला आमदारांची समिती नेमली. आता बघा, झाड लावणाऱ्याचा स्वभाव एक आणि चौकशी लावणाऱ्याचा स्वभाव एक, पाणी घालणारा स्वभाव मात्र कोणाचाच नाही. माझाही नाही, ते वर सांगितलंच.

याच मंत्र्यांच्या काळात अवनी वाघिणीचं प्रकरण झालं, २ नोव्हेंबर २०१८, राळेगावकडे, यवतमाळ जिल्ह्यात. तेरा लोकांचे बळी तिच्या नावावर लागले होते. ती मारल्यावर तिकडच्या गावांनी फटाके फोडले आणि दिल्लीतून मनेका गांधी इतक्या भडकल्या की एकाच पक्षाचे दोन मंत्री, एक केंद्रातला एक राज्यातला, जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. कायदा एकच, तो १९७२चाच. एकीला त्यात वाघीण दिसत होती, एकाला मतदारसंघाशेजारचे गुराखी. मी त्या वेळी दोघांवरही चिडलो होतो आणि आज विचाराल तर सांगता येणार नाही नेमकं काय करायला पाहिजे होतं. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला मोबाईलवर मेणबत्तीवाले मेसेज पाठवणाऱ्यांवर मात्र आजही चिडतो.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत कार्टरनं १९७९ला व्हाईट हाऊसच्या छपरावर सोलर पाणी तापवायचे पॅनल लावले, रेगनच्या काळात, १९८६ला, छपराच्या दुरुस्तीत ते काढले ते परत लावलेच नाहीत. पॅरिस करारातून ट्रम्प बाहेर, बायडन पहिल्याच दिवशी परत आत यायच्या कागदावर सही, ट्रम्प आला की पहिल्याच दिवशी परत बाहेर. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ग्रामपंचायतीचा सोलर दिवा आठवला. जुन्या सरपंचानं त्याच्या घरासमोर लावला होता, नवा निवडून आला तर पहिल्या आठवड्यात खांब उखडून त्याच्या घरासमोर. मधल्या मारुतीपाशी अंधार होता तो तसाच.

गडकरींचं वेगळंच आहे. त्यांना पर्यावरण म्हणजे त्याग वगैरे वाटत नाही, त्यांना त्यात धंदा दिसतो, आणि ते लपवतही नाहीत. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वीजकेंद्राला विकलं हे प्रत्येक दुसऱ्या भाषणात सांगणार, इथेनॉल सांगणार, तणसापासून इंधन सांगणार, २०२२ला हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले. त्यांची मला पटलेली गोष्ट म्हणजे तो बुलढाणा पॅटर्न, हायवेला मुरूम-माती लागते ना, मग ती तलाव आणि नाले खोल करून घ्या, ठेकेदाराला माती फुकट, गावाला तलाव फुकट. कंत्राटदाराचं डोकं कसं चालतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच हे सुचू शकतं, कोणत्या प्राध्यापकाला सुचणार नाही. पण त्याच स्वभावाला जंगल आडवं आलं की तो अडथळाच वाटतो. पेंचमधून जाणारा नागपूर-शिवनी रस्ता चौपदरी करताना जनावरांसाठी खालून वाटा कराव्या लागल्या, त्यातली एक तर ७५० मीटरची, आज त्यातून वाघ जातानाचे फोटो सगळीकडे कौतुकानं फिरतात, पण त्याआधी कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या होत्या लोकांना. म्हणजे बांधायला लावलं तर मस्त बांधतात, लावायला मात्र कोणीतरी पाहिजे.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहायला बसलो ते सांगतो.

जयराम रमेश २००९ ते २०११ पर्यावरणमंत्री होते, दोनच वर्षं. भांडखोर माणूस, स्वतःच्याच सरकारातल्या कोळसा, रस्ते, पोलाद सगळ्या मंत्र्यांशी भांडलेला. पण एक खोड चांगली होती, माईक लोकांच्या हातात द्यायचा. बीटी वांग्याला, म्हणजे जनुकं बदललेल्या वांग्याला, परवानगी द्यायची की नाही यासाठी सात शहरांत सुनावण्या घेतल्या, त्यातलं एक नागपूर, शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपनीवाले सगळे एकाच हॉलमध्ये एकमेकांवर ओरडायला मोकळे, आणि ९ फेब्रुवारी २०१०ला त्यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली ती आजपर्यंत आहे. निर्णय बरोबर की चूक यावर आमच्या पानठेल्यावर आजही दोन पार्ट्या आहेत, कापूसवाल्या पाहुण्यांना बीटी पाहिजेच असते. माझं म्हणणं एवढंच की विचारलं तरी.

आणि मग मेंढा-लेखा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं लहानसं गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ला देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला तो या गावाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. कागद मिळाला, पण बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा पास लागायचा आणि पास द्यायचा अधिकार वनखात्याकडे होता. का, तर बांबू म्हणजे झाड, झाड म्हणजे लाकूड. अरे बाबा बांबू गवत आहे हे आमच्या बुरडाच्या पोराला कळतं! कागद कारखान्याला वर्षानुवर्षं जंगलचा बांबू मिळत राहिला आणि टोपली विणणारा माणूस चार बांबूंसाठी चोर. शेवटी २७ एप्रिल २०११ला हे मंत्री मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना घेऊन मेंढ्यात आले आणि त्या वाहतुकीच्या पासांचं पुस्तक, पासबुक, ग्रामसभेच्या हातात दिलं. एक साधं पासबुक. मी तेव्हा गोंडवाना एक्सप्रेसचं रिझर्वेशन कसं करायचं हे शिकत होतो, मला त्या बातमीचं काहीच वाटलं नाही.

नंतर कधीतरी तिकडच्या एका नातेवाइकाकडे लग्नाला गेलो तेव्हा मेंढ्याची सभा कशी चालते ते ऐकलं. तिथं बहुमत चालत नाही. एकमत. एक जरी माणूस नाही म्हणाला तर विषय पुढच्या सभेला. देवाजी तोफांचं नाव सगळ्यांना माहीत, पण ते नेता असूनही निर्णय त्यांचा नसतो, सभेचा असतो, आणि सभेच्या आधी अभ्यास गट बसतो, त्यात कायदा वाचतात, बाहेरच्या माणसाला बोलावून विचारतात. मला वाटलं असं करून तर वर्षाला एक काम होईल. पण आमच्या जिल्ह्यातलं पाचगाव घ्या, गोंडपिपरी तालुक्यातलं, त्यांना २०१२ला हक्क मिळाला, त्यांनी बांबू विकून पोरांना गावात काम दिलं आणि सगळ्यांनी बसून तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आग लावतात, जंगलाचं नुकसान होतं. हातातला पैसा सोडला! मी सांगतो, कोणताही मंत्री, कितीही मोठा, आमच्या भागात तेंदू बंद करा म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी त्याचा पुतळा जाळला असता.

तर आमच्या त्या झुडपीकडे येतो परत.

बाहेरच्यांना सांगतो, झुडपी जंगल हा फक्त पूर्व विदर्भाचा भोग आहे. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली कागदात जिथं धड शेती नाही धड जंगल नाही, खुरटी झुडपं, ढोरं चरायची जागा, तिथं 'झुडपी जंगल' लिहिलं. त्या दोन शब्दांतल्या दुसऱ्या शब्दानं सहा जिल्ह्यांचा घात केला, ८६ हजार हेक्टरच्या वर जमीन अडकली, शाळा, स्मशान, घरं सगळं त्यावर. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक नेता ती सोडवणार होता. २२ मे २०२५ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे वनच आहे, १२ डिसेंबर १९९६च्या (वनजमिनीबद्दलच्या त्यांच्याच जुन्या आदेशाची तारीख) आधी जे दिलं गेलं त्याला रीतसर मंजुरी घेऊन मार्ग काढा. आमची शाळा जुनी आहे म्हणून वाचेल. पण त्या पट्ट्यावर नवीन अंगणवाडी नाही, समाजमंदिर नाही, काही नाही. झाडं लावायला तेवढी कोणाची ना नाही. म्हणून जो साहेब येतो तो तिथंच खड्डे खोदतो, हे मला परवा कळलं, इतकी वर्षं मला वाटायचं त्यांचा त्या जागेवर काही विशेष जीव आहे.

या वेळी सरपंच बाई आहेत. भाषण अजिबात येत नाही त्यांना, झेंडावंदनाला दोन वाक्यं बोलून खाली बसतात, त्यामुळे गावात त्यांना कोणी नेता वगैरे समजत नाही. त्यांनी काय केलं तर खड्डे पाहायला आल्या आणि तिथून सरळ आमच्या अंगणात, आबाजींच्या खाटेपाशी. "बाबाजी, इथं काय लावलं तं जगल?"

आबाजी म्हणाले, "काहीच नोको लावू माय. दोन पावसाळे ढोरं-बकऱ्या बंद कर. पळस येते, बोर येते, धावडा येते, आपल्यानं येते. मुळ्या जित्त्या हायत खाली."

आता ते चराईबंदीचं ग्रामसभेत आलं आहे. बाईंनी मतदान नाही घेतलं, म्हणाल्या सगळे हो म्हणतील तेव्हा करू, कुठून शिकल्या कोण जाणे. तीन सभा झाल्या. पहिलीत कोरमच नाही, दुसरीत भांडण, तिसरीत बारा-चौदा घरं सोडून बाकी सगळे तयार. चौथी येत्या सोमवारी आहे. त्या बारा-चौदा घरांत एक आमचं आहे, सात शेळ्या, दोन गाभण, सगळ्या आईच्या नावाच्या आणि आई म्हणते बुढ्याचं वय झालं, काहीही सांगते. आबाजींनी हे सुचवलं हे तिला माहीत आहे. तिसऱ्या सभेत मी हात वर केला होता हे अजून मी तिला सांगितलेलं नाही.